दुचाकीच्या संगणकाशी संवाद

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज सहा’ हे प्रदूषणनियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंधन-इंजेक्शन आले व त्याचे नियमन करणारा ईसीयू हा छोटा संगणक आला. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री नागपुरात आजही आहेत. परंतु या संगणकाची भाषा त्यांना कोणी शिकविली नाही, आणि ती वाचणारा कंपनीचा स्कॅनर छोट्या गॅरेजाला सहसा परवडत नाही.

ती भाषा मुळात अवघड नाही. अनेक गाड्यांत ‘के-लाइन’ नावाच्या एकाच तारेवरून प्रश्न जातो आणि उत्तरही येते. वेग सेकंदाला १०,४०० बिट. ही तार १२ व्होल्टची, तर आपला आर्डुइनो उनो ५ व्होल्टचा. थेट जोडल्यास बोर्ड जळेल, म्हणून मध्ये एल ९६३७ सारखी व्होल्टता जुळविणारी चिप हवी. तार २५ मिलिसेकंद खाली, २५ मिलिसेकंद वर ठेवली की संगणक जागा होतो. तार एकच असल्याने आपलाच संदेश आपल्याला परत ऐकू येतो. माझे पहिले दोन दिवस तो प्रतिध्वनी गाडीचे उत्तर समजण्यातच गेले! काही कंपन्यांचे संगणक मात्र प्रमाणित प्रश्नांना दाद देत नाहीत, आणि नव्या अनेक गाड्यांत ‘कॅन’ ही दोन तारांची पद्धत असते.

उत्तर अंकांत येते. इंजिनाच्या फेऱ्यांसाठी २३ आणि ११२ हे अंक आले, तर २३ ला २५६ ने गुणावे, ११२ मिळवावेत आणि ४ ने भागावे : मिनिटाला १५०० फेऱ्या. तापमानाच्या अंकातून केवळ ४० वजा करावयाचे.

गेल्या मे महिन्यात आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने वडिलांच्या गॅरेजातील एक गाडी अशीच वाचली. ती काळा धूर सोडीत होती. अन्यत्र तिचा ईसीयूच बदलावयास सांगितले होते. पडद्यावर दोषसंकेत उमटला पी ०११८, आणि इंजिनाचे तापमान उणे ४०. नागपूरच्या उन्हाळ्यात! तापमानाच्या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो. तार तुटली की तो अमर्याद भासतो. इंजिन गोठले आहे असे समजून संगणक पेट्रोल वाढवीत होता. पी ०११८ चा अर्थ ‘सेन्सर बदला’ असा नाही, त्या परिपथातील व्होल्टता अधिक आहे एवढाच. कोणता भाग दोषी, हे शोधणे मिस्त्रीचेच काम. वडिलांनी हँडलजवळ घासून तुटलेली तार दहा मिनिटांत शोधली.

विद्यार्थिमित्रांनो, ईसीयूमधून माहिती वाचावी. त्यात काही लिहिण्याच्या भानगडीत पडू नये.

तार जोडल्यावर, रात्रभर उभ्या असलेल्या त्या गाडीने सकाळी पहिला अंक दिला : ७३. म्हणजे ३३ अंश. भिंतीवरील तापमापकही तेच सांगत होता.