कुकरची शिटी आणि विमान

केनवडच्या आमच्या घरात कुकरची शिटी झाली की कळतं, जादा वाफ बाहेर पडली. विमानाचंही साधारण तसंच आहे बरं का! इंजिनातली दाबाची हवा केबिनमध्ये सतत येते आणि मागच्या बाजूची झडप ती मोजून बाहेर सोडते. बाहेर ३५ हजार फूट असले, तरी आत ८ हजारांच्या आसपासचाच दाब. म्हणजे तेव्हाही तुम्ही कळसूबाईपेक्षा उंच बसलेले असता!

२० सप्टेंबर २०१८. जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात या हवेचं बटण दाबायचंच राहिलं. १६६ प्रवासी होते. सुमारे ३० जणांना नाका-कानातून रक्त येणं, डोकेदुखी असा त्रास झाला. मास्क खाली आले, विमान मुंबईला परतलं.

शेजारच्याला मदत नंतर, मास्क आधी स्वतःला लावा. ३५ हजार फुटांवर भान टिकतं जेमतेम अर्धा ते एक मिनिट.