जुन्या युनिक्स यंत्रांवरील वार्तागट-व्यवस्था : उभारणीतील काही प्रश्न

न्यूजग्रुप, म्हणजे वार्तागट, ही संस्था आता बहुतेकांच्या वापरातून गेली आहे. ड्यूक विद्यापीठात तिचा उगम झाला, आणि त्याच विद्यापीठाने आपला वार्ता-सर्व्हर २०१० मध्ये बंद केला. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवरील नवे लेखन घेणे व दाखविणे थांबविले. जुने लेखन मात्र वाचावयास ठेवले. असे असता या विषयाकडे पुन्हा वळण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रयोजन दुहेरी आहे. मराठी माणसांनी संगणकाच्या जाळ्यावर एकमेकांशी जो पहिला जाहीर व विस्तृत संवाद केला त्यातील बराचसा 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' या गटात व त्याच्या आसपास झाला. तो संवाद ज्या रूपात साठविला गेला ते रूप समजल्यावाचून त्या सामग्रीचे संशोधन करता येणार नाही. दुसरे असे की, मर्यादित साधनांवर विश्वासार्ह व्यवस्था कशी रचावी याचे इतके उघडे व वाचनीय उदाहरण विद्यार्थ्यांना अन्यत्र क्वचितच मिळेल.

प्रथम थोडा इतिहास. १९७९ मध्ये टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या ड्यूक येथील विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली व शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिचा पहिला प्रयोग शेल-लिपीत लिहिला. त्यानंतर ए-न्यूज, बी-न्यूज, टोरांटो येथील जेफ कॉलियर व हेन्री स्पेन्सर यांचे सी-न्यूज (१९८७) आणि रिच साल्झ यांचे आयएनएन (१९९२) अशी परंपरा लागते. या परंपरेत प्रत्येक पिढी मागच्या पिढीच्या एकेका दोषाचे उत्तर म्हणून जन्मास आली आहे. बी-न्यूज प्रत्येक लेखासाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करी. सी-न्यूजने लेखांचा संपूर्ण गठ्ठा एका प्रक्रियेत हातावेगळा केला. आयएनएनने एकच प्रक्रिया कायम स्मृतीत ठेवून सर्व शेजाऱ्यांशी एकाच वेळी व्यवहार चालविला.

भारतातील आरंभ मुंबईशी निगडित आहे. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एर्नेट प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी, आणि स्वतः तो विभाग हे त्याचे आठ घटक होते. एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी होते. पहिला व्यवहार यूयूसीपी पद्धतीने, म्हणजे दूरध्वनी लावून फायली ढकलण्याच्या पद्धतीने झाला. पुढे मुंबईतून अमेरिकेतील यूयूनेटकडे सेकंदास ९६०० बिट वाहून नेणारी तार भाड्याने घेण्यात आली. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. तथापि हिशेब करून पाहावा : ९६०० बिट म्हणजे १२०० बाइट, तासास सुमारे ४३ लाख बाइट. या ओंजळीत साऱ्या देशाचा विदेशी टपालव्यवहारही मावावयाचा असे. कोणते गट मागवावयाचे व कोणते नाही हा प्रश्न त्यामुळे रुचीचा न राहता अर्थशास्त्राचा होई.

रत्नागिरीसारख्या ठिकाणाहून मुंबईशी सेकंदास १२०० बिटांच्या मोडेमने जोडणी केली असती, तर आरंभ-अंतीचे बिट धरून सेकंदास १२० बाइट पोचले असते. दहा लाख बाइट आणण्यास सुमारे दोन तास एकोणीस मिनिटे लागली असती, आणि तीही पल्ल्याच्या दूरध्वनीच्या दराने. म्हणून सी-न्यूजमध्ये लेख एकत्र बांधून, 'कंप्रेस' या आज्ञावलीने आवळून पाठवीत. हे आवळणे सोळा बिटांचे की बारा बिटांचे, हेही शेजाऱ्याशी ठरवावे लागे, कारण लहान स्मृतीच्या यंत्रास सोळा बिटांचा गठ्ठा उलगडता येत नसे.

आता प्रत्यक्ष उभारणीकडे वळू. समजा, विभागाच्या अडगळीत सन कंपनीचे स्पार्कस्टेशन पडून आहे. कार्यप्रणालीस हात घालण्यापूर्वी त्यातील एका लहान चिपेकडे पाहावे. या यंत्रांत घड्याळ, यंत्राचा ओळख-क्रमांक व ईथरनेटचा पत्ता ही तिन्ही एका बॅटरीयुक्त चिपेत असतात. बॅटरीचे आयुष्य साधारण दहा वर्षे; ती संपली की यंत्र स्वतःचे नाव-गाव विसरते. पत्ता व क्रमांक आरंभीच्या फोर्थ-संकेतावरून पुन्हा भरता येतात, परंतु विद्युत्प्रवाह गेला की ते पुन्हा नाहीसे होतात. चिप बदलणे हाच खरा उपाय होय. (कोकणपट्टीवरील खाऱ्या, दमट हवेने जोडपट्ट्यांवर चढलेली पुटे आधी काढावी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.)

घड्याळाचा प्रश्न वाटतो त्याहून गंभीर आहे. घड्याळ मागे पडले असल्यास येणारा प्रत्येक लेख भविष्यातील ठरतो, आणि एका दिवसाहून अधिक पुढची तारीख असलेला लेख आयएनएन नाकारतो. उलट, जुना संग्रह भरू पाहणाऱ्यास विरुद्ध अडचण येते : काही दिवसांहून जुना लेख आत घेतलाच जात नाही. ही मर्यादा शून्य दिल्यास तपासणी बंद पडते, आणि संग्रहासाठी तीच योग्य. जुन्या लेखांत वर्ष दोन अंकांत लिहिलेले आढळते, कारण तत्कालीन नियमांस ते मान्य होते. तारीख वाचणारी आज्ञावली त्या दोन अंकांचा कोणता अर्थ लावते हे चार-दोन नमुने देऊन आधीच तपासावे.

कंपायलर हा दुसरा अडथळा. सनओएस ४ सोबत येणारा कंपायलर जुन्या, कर्निहॅन-रिची वळणाच्या सी भाषेचा आहे. त्यास फलनांची नवी नमुना-घोषणा कळत नाही. सोलारिस २ सोबत तर कंपायलर स्वतंत्र विकत घ्यावा लागे. आयएनएनच्या अलीकडच्या आवृत्त्यांना नवी सी व पर्ल दोन्ही लागतात. सी-न्यूज मात्र मुळातच विविध यंत्रांसाठी लिहिले गेले. त्यातील 'क्विझ' नावाची लिपी उभारणाऱ्यास एकामागून एक प्रश्न विचारते, व जे फलन यंत्रावर नसेल त्याऐवजी स्वतःजवळील प्रत जोडते. माझ्या मते एकाकी, जुन्या व लहान यंत्रावर सी-न्यूज हीच निवड श्रेयस्कर आहे. आयएनएनची गती ज्यास हवी त्याच्याकडे बहुधा अनेक शेजारी व पुरेशी स्मृती असते. अडगळीतील यंत्राकडे दोन्ही नसतात.

तबकडीवरील जागेचा विचार बाइटांत करून भागत नाही. पारंपरिक रचनेत प्रत्येक लेख ही एक स्वतंत्र फाइल असते आणि गटाच्या नावातील प्रत्येक घटकाची एक डिरेक्टरी असते. बर्कलीच्या फाइल-व्यवस्थेत दर २०४८ बाइटांमागे एक आय-नोड राखण्याची प्रथा होती. लेख याहून लहान असले, तर जागा शिल्लक असूनही आय-नोड संपतात व व्यवस्था 'जागा नाही' असे सांगून थांबते. नवख्यास हे कोडे सुटत नाही. तबकडी घडवितानाच आय-नोडांचे प्रमाण वाढवून घ्यावे. मागाहून ते बदलता येत नाही. याच डिरेक्टरी-रचनेमुळे गटाच्या नावातील कोणताही घटक चौदा अक्षरांहून लांब नसावा असा दंडक होता, कारण जुन्या सिस्टिम-व्ही यंत्रांवर फाइलीचे नाव त्याहून लांब चालत नसे. 'मराठी' गटाचे चारही घटक या मापात सहज बसतात.

सर्वांत रोचक प्रश्न लिपीचा आहे. यूजनेटचे मूळ नियम सात बिटांच्या रोमन संचावर आधारलेले होते. म्हणून त्या गटातील मराठी रोमन लिपीत लिहिली गेली, आणि प्रत्येकाने आपापली लेखनपद्धती योजली. सामान्य रोमन लेखनात 'मन' व 'मण', 'बाल' व 'बाळ' यांतील भेद उरत नाही. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्ससारख्या पद्धतीत ण व ळ मोठ्या रोमन अक्षरांनी दाखविले जातात. पण मजकूर कोठे सरसकट लहान अक्षरांत बदलला गेला की तो भेदही पुसतो. अभ्यासकाने अशा संग्रहावर शब्दगणना करण्यापूर्वी हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

आजची देवनागरी यूटीएफ-८ मध्ये दर अक्षरचिन्हास तीन बाइट घेते व त्या तिन्हींत आठवा बिट चढलेला असतो. वाटेतील एखाद्या जुन्या दुव्याने तो बिट गाळला, तर प्रत्येक बाइटातून १२८ वजा होतात. 'म' चे बाइट २२४, १६४, १७४. त्यांचे ९६, ३६, ४६ होतात, म्हणजे एक उलटे अवतरणचिन्ह, डॉलरचिन्ह व पूर्णविराम. 'ठ' च्या अखेरीस कोरी जागा येते. 'क' च्या अखेरीस २१ हे नियंत्रणचिन्ह येते, जे पडद्यावर उमटतच नाही. दीर्घ ईकाराचे बाइट २२४, १६५, १२८. त्यांतील शेवटचा चक्क शून्य होतो, आणि शून्य म्हणजे सी भाषेत अक्षरमालेची समाप्ती. अर्थात 'मराठी' हा शब्द येताच ओळ तेथेच तुटण्याचा संभव निर्माण होतो. ९६ पाठोपाठ ३६ किंवा ३७ हा क्रम सामान्य मजकुरात विरळा असल्याने बिघडलेला मजकूर बव्हंशी परत घडविता येतो. शून्यापाशी तुटलेल्या ओळी मात्र कायमच्या गेल्या.

यावर उपाय म्हणजे लेख माइमच्या नियमांनी वेष्टित करणे. त्याच्या दोन रीतींपैकी पहिलीत प्रत्येक बाइटाची तीन चिन्हे होतात, म्हणजे एका देवनागरी अक्षरास नऊ. बेस-६४ रीतीत तीन बाइटांची चार चिन्हे होतात. देवनागरीसाठी दुसरी रीत उघडच फायद्याची आहे. आरएन किंवा एनएन यांसारखे जुने वाचक-कार्यक्रम हे वेष्टण उकलत नाहीत. तेव्हा लेख फाइलीत काढून घेऊन उकल दुसऱ्या यंत्रावर करावी.

संग्रह कायम राखावयाचा असल्यास सी-न्यूजच्या 'एक्सप्लिस्ट' फाइलीत त्या गटांपुढे मुदतीच्या जागी 'कधीही नाही' असे नोंदवावे. तसे न केल्यास रात्री चालणारी सफाई मोठ्या निष्ठेने सर्व लेख पुसून टाकील. 'हिस्टरी' फाइलीची प्रत मात्र लेखांबरोबरच घ्यावी, कारण कोणता लेख यंत्राने पूर्वी पाहिला आहे हे केवळ तीच जाणते. ती हरवली तर शेजाऱ्याने पुन्हा देऊ केलेला प्रत्येक लेख नवा म्हणून दुसऱ्यांदा आत येईल. वीज अचानक गेल्यास हजारो लहान फायलींची तपासणी 'एफएससीके' ही आज्ञावली बराच वेळ करीत बसते, म्हणून अशा यंत्रास अखंड वीजपुरवठ्याचा जोड हवाच. आणि हे यंत्र सार्वजनिक जाळ्यास थेट जोडू नये : त्याच्या कार्यप्रणालीतील छिद्रे कोणी बुजविणार नाही. विभागातील आतल्या जाळ्यावर, किंवा दोन यंत्रांमध्ये साध्या सीरियल तारेवर यूयूसीपी चालवून, गठ्ठा बांधण्यापासून लेख वाचण्यापर्यंतचा सारा प्रवास पाहता येतो.