स्क्रूला हात लावण्याआधी

जुनी अ‍ॅम्बेसेडर हायवेला लोण्यासारखी चालते आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरते, मिसिंग करते, बंद पडते. मग आपण काय करतो? स्क्रू पिळून आयडल वाढवतो. बंद पडणं थांबतं, रोग तसाच राहतो. मीही हेच केलं. माझ्या १४८९ सीसी गाडीचा सोलेक्स कार्बोरेटर तीन वेळा उघडवला, नवे जेट घातले. दोष निघाला कार्बोरेटरच्या खाली.

प्लग, पॉइंट, टॅपेट आणि टायमिंग आधी बघून घ्या. पॉइंट जळलेले असताना कार्बोरेटर तपासणं म्हणजे चुकीच्या टेकडीवर हल्ला. मग इंजिन पूर्ण गरम करा आणि आयडलला चालू ठेवून चोक अगदी थोडा ओढा. चोक जादा पेट्रोल देतो. थरथर कमी झाली तर मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. थरथर वाढली, धूर काळा आला, तर उलटं. बिनखर्चाची परीक्षा आहे, पण गॅरेजमध्ये ती करताना मी फार कमी वेळा पाहिली.

आता, हायवेला ठीक आणि सिग्नलला आजारी, असं का? आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. इंजिन जोरात ओढतं, पण आत जाणारी एकूण हवा थोडीच असते. अशा वेळी केसाएवढ्या फटीतून आलेली चोरटी हवाही मिश्रण बिघडवते. थ्रॉटल उघडला की हवेचा लोंढा येतो आणि तीच फट नगण्य ठरते. म्हणून दुखणं फक्त आयडललाच असेल, तर मी दोनच संशयित धरतो: हवेची गळती किंवा तुंबलेला आयडल जेट. वेगातही गाडी अडखळत असेल, कार्बोरेटरमधून फटाके येत असतील, तर फ्लोट, पंप, मेन जेटकडे वळा. ते फार दिवस चालवू नका. लीन मिश्रणावर जोर लावला की व्हॉल्व्ह जळतात.

गळती शोधायला काही जण पेट्रोल शिंपडतात. कृपा करून करू नका. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड तापलेल्या एक्झॉस्टच्या लगेच वर बसतो. तेलाच्या कुपीने एकेका सांध्यावर इंजिन ऑइलचा थेंब सोडा, तोही एक्झॉस्टवर ओघळू न देता: कार्बोरेटरचा पाया, मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटलच्या दांड्याची दोन्ही टोकं. थेंब आत ओढला गेला आणि आवाज बदलला की जागा सापडली. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद करा. आयडल सुधारलं तर नळी किंवा डायफ्रॅम फाटलाय.

माझ्याकडे आवाज पायाशी बदलला. कार्बोरेटर काढून फ्लँजवर स्टीलची पट्टी ठेवली तर मधून उजेड दिसला. नट वर्षानुवर्षं नको तितके आवळून दोन्ही कान वाकले होते. पॅकिंग कितीही बदललं तरी तिथे बसणार कसं?

गळती नसेल तर आयडलचा मिश्रण-स्क्रू हळूच पूर्ण आत फिरवा. इंजिन अडखळून बंद पडायला हवं. काहीच फरक पडला नाही तर आयडलचा मार्ग तुंबलाय, किंवा थ्रॉटल इतका उघडा ठेवलाय की पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय. जेट हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.

हल्लीच्या पेट्रोलचाही यात वाटा आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असेल तर साडेतेराच्या आसपास. आपले जेट जुन्या पेट्रोलसाठी कापलेले, म्हणून मिश्रण आपोआप थोडं लीन होतं. शिवाय लेहसारख्या उंचीवर ट्यून केलेली गाडी मैदानात उतरवली तरी ती लीनच चालते. खाली हवा दाट असते.

फ्लँज मी जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, हलक्या हाताने आठ-आठ आकड्यात घासून सपाट केला. मग मिश्रण-स्क्रू हलकेच टेकवून दीड फेरा मागे घेतला आणि तिथून कानाने लावला. नट आता आळीपाळीने, थोडे थोडे आवळतो.