काट्याची कळ आणि पेशीचा सांगाडा

मुखेडच्या शिवारात अनवाणी चालणाऱ्याच्या अंगठ्यात बाभळीचा काटा रुतला, की कळ थेट डोक्यात जाते. ती टिपणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग असतो कमरेजवळ, कण्यालगत. तिथून अंगठ्यापर्यंत जवळपास मीटरभर लांबीचा एकच तंतू! गर्भात अंतर कमी असतं खरं, पण वाट तेव्हाच शोधावी लागते.

वाढत्या तंतूचं टोक पसरट असतं. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामॉन इ काहाल यांनी ते १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात टिपलं. दोडक्याचा तणावा आधार चाचपतो, तसे या टोकाचे बारीक फाटे पुढची जागा चाचपतात. फाट्यांत पेशीच्या सांगाड्यातले ॲक्टिन प्रथिनाचे धागे असतात. ते पुढे जुळत जातात, मागे सुटत जातात. पकड बसली की मागून सांगाड्याच्याच ताठ सूक्ष्मनलिका शिरतात आणि तेवढी वाट पक्की होते.

पकडच बसली नाही तर?

पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अर्णब घोष यांच्या गटाने कोंबडीच्या चेतापेशींतलं, ॲक्टिनचे धागे घडवायला मदत करणारं फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी करून पाहिलं. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. फाटे फुटत होते, लांबतही होते. पण टोकाची पकड कच्ची राहिल्याने जोर लागेना. गर्भातल्या मज्जारज्जूत तंतू खुंटले, वाट चुकले. याच प्रथिनाच्या जनुकातल्या बिघाडाचा बौद्धिक अक्षमतेशी असलेला संबंध २०१४ मध्ये माणसांत आढळला होता.