लाथ मारणारा पाय, लाथ झेलणारे हात

साठच्या दशकात बँकॉकच्या रिंगमध्ये मुए थाई या थायलंडच्या द्वंद्वखेळातले लढवय्ये अपिदेज सित-हिरुन यांनी सोम्पोंग चारोएनमुआंग या लढवय्याचे दोन्ही हात मोडले, आणि तेही नुसत्या लाथांनी. सोम्पोंगची कारकीर्द तिथेच संपली. थायलंडमध्ये ही लढत आजही सांगितली जाते. मला मात्र अपिदेज यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध त्या लढतीइतकाच मोठा वाटतो. ज्या लाथेने प्रतिस्पर्ध्यांना धडकी भरवली, तीच लाथ पुढच्या पिढ्यांच्या पायात उतरावी म्हणून हा माणूस उतारवयातही तालमीत उभा राहिला.

अपिदेज यांचा जन्म १९४१ सालचा. बँकॉकच्या नैऋत्येला, समुद्रकाठच्या समुत सोंगख्राम प्रांतातला. खरं नाव नारोंग यानप्रतीप. मुए थाई खेळणारा मुलगा रिंगमध्ये उतरताना बहुधा घरचं नाव मागे ठेवतो आणि आपल्या तालमीचं किंवा गुरूचं नाव लावतो. जिंकला तरी तालमीचं नाव पुकारलं जातं, हरला तरी.

त्या काळी या खेळाची दोन मोठी देवस्थानं होती: १९४५ साली उघडलेलं राजदमनर्न स्टेडियम आणि १९५६ साली लष्कराच्या व्यवस्थापनाखाली सुरू झालेलं लुम्पिनी. लढत पाच फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मधे दोन मिनिटांची विश्रांती. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर, सगळं चालतं. पण परीक्षकांच्या लेखी बरगडीवर किंवा दंडावर नीट बसलेल्या लाथेचं वजन ठोशापेक्षा जास्त. अशा खेळात अपिदेज यांची उजवी लाथ हे त्यांचं हुकमी अस्त्र होतं.

लाथेचं गणित

मुए थाईची लाथ पावलाने मारत नाहीत, नडगीने मारतात. टेकलेल्या पायाची टाच वर उचलून पाऊल बाहेर वळतं, त्याबरोबर कंबर फिरते आणि कंबरेमागून अख्खा पाय ओढला जातो. त्याच बाजूचा हात खाली झटकला की तोल सावरतो आणि वेगही वाढतो. गुडघ्यातून झटका दिलेली लाथ नुसती लागते. कंबरेतून आलेली माणसाला जागचा हलवते.

समोरचा लढवय्या बरगड्या वाचवायला हात आडवा घालतो आणि नेमका तिथेच फसतो. हाताचं हाड नडगीच्या हाडापेक्षा बारीक असतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा मार बसला की हात सुजतो, जड होतो, वर उचलेनासा होतो. ठोसे बंद पडतात आणि डोकं उघडं पडतं. सोम्पोंगच्या बाबतीत हाडच गेलं. म्हणून शहाणा लढवय्या अशी लाथ हाताने नव्हे, पाय उचलून नडगीवर घेतो.

अपिदेज मुए थाईबरोबर बॉक्सिंगही लढले. दोन्ही खेळ मिळून एकाच वेळी सात किताब त्यांच्या नावावर होते, असं थाई क्रीडाविश्वात अभिमानाने सांगितलं जातं. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी त्यांना शतकातला सर्वश्रेष्ठ मुए थाई लढवय्या म्हणून गौरवलं.

वस्ताद

निवृत्तीनंतर अपिदेज फेअरटेक्स या तालमीत प्रशिक्षक झाले. बँकॉकला लागून असलेल्या समुत प्राकान प्रांतात, बांग प्ली इथे ही तालीम नावारूपाला आली. तिथे एकीकडे लुम्पिनीची स्वप्नं पाहणारी गरीब घरची पोरं असत, दुसरीकडे जगभरातून शिकायला आलेले परदेशी. शतकातला सर्वश्रेष्ठ लढवय्या दोघांनाही टाच कशी वळवायची इथपासून शिकवायचा.

थाई तालमीतलं शिक्षण पॅडवर होतं. प्रशिक्षक दोन्ही हातांना जाड चामडी पॅड बांधतो, पोटावर पट्टा चढवतो आणि शिष्यासमोर उभा राहतो. लाथ येते तेव्हा तो पॅड नुसता धरून ठेवत नाही. लाथेला सामोरा जाऊन ती झेलतो, म्हणजे शिष्याला खऱ्या शरीराचा अंदाज येतो. शिष्याचा हात खाली आला की पॅडची थाप त्याच्या कानाशी बसते. तोल गेला की प्रशिक्षक ढकलून देतो. तोंडाने फार बोलणं होत नाही. पहाटेच्या धावण्यानंतर आणि पुन्हा दुपारी, एकामागून एक पोरं पुढे येतात आणि सगळ्यांचे आघात प्रशिक्षकाच्या खांद्यांत आणि मनगटांत साठत जातात.

लढतीच्या दिवशीही तो कोपऱ्यात असतो. गुरुवंदनेचा नाच झाला की शिष्याच्या डोक्यावरचं मोंगखोन, म्हणजे मंतरलेलं कडं, तोच उतरवतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या दोन मिनिटांत पाणी, बर्फ, मालिश आणि मोजके दोन शब्द.

अपिदेज एप्रिल २०१३ मध्ये गेले. त्याआधी दोनच महिने, फेब्रुवारीत, पट्टायाचे थोर प्रशिक्षक योदथोंग सेनानन गेले होते. योदथोंग यांच्या तालमीत सामार्त पायाकारून घडले. सामार्त यांनी चार वजनगटांत लुम्पिनीचे किताब जिंकले आणि १९८६ साली मेक्सिकोच्या लुपे पिंतोरला पाचव्या फेरीत लोळवून बॉक्सिंगचा जागतिक किताबही मिळवला. पुढे त्यांनी गाणी म्हटली, सिनेमे केले आणि स्वतःची तालीमही उघडली. फेअरटेक्सचा लढवय्या चोंगसनान सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन शिकवू लागला. लढवय्याचे प्रशिक्षक झालेले असे कितीतरी.

ही वाट सोपी नाही. पोरं आठ-दहा वर्षांची असताना रिंगमध्ये येतात, शाळा मागे पडते. लढतीच्या मानधनातला मोठा वाटा, पुष्कळदा निम्मा, तालमीकडे जातो. पंचविशी-तिशीत शरीर थकलं की हाती उरतं ते अंगात मुरलेलं ज्ञान. परदेशी शिष्यांमुळे त्या ज्ञानाला आता पूर्वीपेक्षा बरी किंमत येते, पण ती नामवंतांना. बिननावाचे असंख्य प्रशिक्षक तुटपुंज्या पगारावर पॅड धरून उभे आहेत.

२०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मुए थाईच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली. मुंबई-पुण्यातही हा खेळ आता शिकवला जातो आणि इथली काही मुलं सरावासाठी थायलंड गाठतात. खेळ असा वाढत असताना त्याचं श्रेय केवळ विजेत्यांच्या पदरात टाकणं अन्याय्य आहे. रिंगमधल्या विजयाशेजारी प्रशिक्षकाचं नाव नोंदवलं जावं, त्याला नियमित पगार आणि आजारपणात आधार मिळावा. अपिदेज यांचे किताब त्यांच्याबरोबर इतिहासात गेले. त्यांनी शिकवलेली लाथ मात्र अजून रिंगमध्ये आहे, आणि ती तिथे राहायची असेल तर पॅड धरणारे हात जपायलाच हवेत.