माती तांबडी, पण रक्त फिके
शेतातील खनिजद्रव्ये ताटापर्यंत कशी पोहोचतील?

मानवी शरीरास पिष्टमय पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांची जशी आवश्यकता असते, तशीच खनिजद्रव्यांचीही असते. हाडे व दात यांच्या घडणीस कॅल्शियम, रक्तातील तांबडेपणास लोह, वाढ व जखमा भरून येण्यास जस्त आणि गळ्यातील ग्रंथीच्या कार्यास आयोडीन आवश्यक असते. यांपैकी काही द्रव्ये फार अल्प प्रमाणात लागतात. परंतु तेवढीही न मिळाल्यास त्याचे परिणाम सबंध शरीरावर दिसून येतात.

भोर तालुक्यात पश्चिमेस घाटमाथ्याकडे जावे तसतशी जमीन तांबूस होत जाते. हा तांबडा रंग मातीतील लोहाच्या संयुगांचा होय. भोर शहराजवळील उत्रोली आणि त्यापलीकडील वेल्ह्याचा डोंगरी मुलूख हा सारा भातशेतीचा प्रदेश. मातीत लोह असताना माणसांच्या रक्तात त्याची उणीव असू नये, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. भरपावसात वाकून भाताची लावणी करणाऱ्या स्त्रीस दम लागतो, तिचे डोके दुखते, पाय गळून जातात, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा रक्तातील लोहाच्या उणिवेत असते.

गिरणीत होणारी हानी

भाताच्या दाण्यातील खनिजांचा मोठा भाग दाण्याच्या बाहेरील पापुद्र्यात व अंकुरात असतो. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडला म्हणजे हा भाग कोंड्यावाटे निघून जातो. कोंडा गुरांच्या पोटात जातो आणि घरच्या माणसांच्या वाट्यास प्रामुख्याने पिष्टमय भाग उरतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह सुमारे ०.६५ मिलिग्रॅम व कॅल्शियम सुमारे ७.५ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच नाचणीत लोह सुमारे ४.६ मिलिग्रॅम व कॅल्शियम सुमारे ३६४ मिलिग्रॅम असते.

एखादी स्त्री दिवसाकाठी ४०० ग्रॅम पांढरा तांदूळ खाते असे धरले, तर तीस त्यातून २.६ मिलिग्रॅम लोह व ३० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे तिची दैनंदिन गरज मात्र लोहाची २९ व कॅल्शियमची १००० मिलिग्रॅम आहे. त्या ४०० ग्रॅमपैकी केवळ १०० ग्रॅम तांदळाच्या जागी नाचणी घेतली, तर लोह साडेसहा मिलिग्रॅमवर जाते, म्हणजे अडीचपट होते; आणि कॅल्शियम ३८६ मिलिग्रॅमवर, म्हणजे जवळजवळ तेरापट होते. उरलेली तूट डाळी, पालेभाज्या, तीळ, दूध, अंडी व मासळी यांनी भरून काढावयाची असते.

वरकस जमिनीचे मोल

डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी ही पिके पूर्वापार घेतली जात. तांदूळ व गहू सहज मिळू लागल्यावर नाचणी मागे पडली, आणि ती गरिबाचे अन्न होय असा समजही रूढ झाला. हा समज चुकीचा आहे. केंद्र शासनाने २०१८ साली नाचणी, ज्वारी, बाजरी इत्यादी धान्यांस पौष्टिक तृणधान्ये असा दर्जा दिला.

पाच माणसांच्या कुटुंबाने माणशी रोज १०० ग्रॅम नाचणी खावयाची ठरविल्यास वर्षास सुमारे १८० किलो धान्य लागते. हेक्टरी १० क्विंटल एवढेच साधारण उत्पन्न धरले, तरी त्यास १८ गुंठे, म्हणजे अर्ध्या एकराहून कमी जमीन पुरते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले नाचणी' यांसारखे सुधारित वाण उपलब्ध असल्याने हे उत्पन्न वाढविण्यासही वाव आहे.

धान्यातील लोहामुळे शरीरातील साठा खरोखर वाढतो काय, अशी शंका कोणी घेईल. याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. इक्रिसॅट व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून 'धनशक्ती' हा अधिक लोह असलेला बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्राकरिता प्रसारित झाला. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एका गटास अधिक लोहाच्या, तर दुसऱ्या गटास साध्या बाजरीच्या भाकरी दिवसातून दोनदा देण्यात आल्या. चार महिन्यांतच पहिल्या गटातील मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा अधिक सुधारल्याचे आढळून आले.

मातीतील जस्त

जस्ताची गोष्ट लोहाहून थोडी वेगळी आहे. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिल्याने पिकास जस्त घेणे कठीण जाते. भातावरील 'खैरा' रोग हा जस्ताच्या उणिवेमुळे होतो, हे १९६६ साली पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिले. मानवातील जस्ताच्या उणिवेचे वर्णन याच सुमारास, १९६१ साली, डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधील खुरटलेल्या तरुणांच्या अभ्यासावरून केले. जमीन, पीक व माणूस ही एकाच साखळीची कडी होत.

याकरिता माती परीक्षण अवश्य करून घ्यावे. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन यांची नोंद असते. जस्ताचे प्रमाण दशलक्ष भागांत ०.६ भागाहून कमी आढळल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शिफारशीप्रमाणे द्यावे. ते स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये.

चूल आणि ताट

धान्यातील सर्वच खनिजे अंगी लागत नाहीत. त्यातील काही घटक त्यांस बांधून ठेवतात. नाचणी भिजवून मोड आणल्यास, किंवा पीठ आंबवून आंबील केल्यास हे बंधन बरेच सैल होते. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी होते. म्हणून चहा जेवणानंतर निदान एक तासाने घ्यावा. तांदूळ कमी सडलेला वापरावा. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे व झाकणाच्या कोरड्या भांड्यात ठेवावे. कारण अतिवृष्टीच्या डोंगरी प्रदेशात मातीतील आयोडीन वाहून जाते व स्थानिक अन्नातून ते पुरेसे मिळत नाही.

मात्र आहार हे औषध नव्हे. जंत, हिवताप, जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव यांमुळेही रक्तक्षय होतो. चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांस अंकुशकृमीची बाधा होऊ शकते. म्हणून थकवा जाणवल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे, आणि गरोदर स्त्रियांनी व किशोरवयीन मुलींनी तेथून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. गोळ्यांनी मळमळ होते म्हणून त्या टाकून देऊ नयेत; जेवणानंतर घेतल्यास हा त्रास कमी होतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी माती परीक्षण व नाचणीचे बियाणे यांची, तसेच अंगणवाडी सेविका व आशा यांच्या साहाय्याने रक्ततपासणीची आखणी एकत्रच करावी. शेताचा विचार एका कचेरीत व आरोग्याचा दुसऱ्या कचेरीत होतो. परंतु लावणी करणारी स्त्री एकच असते. तिच्या अंगात बळ असेल तरच खाचरात पीक उभे राहील.