टॉम फिनी : निष्ठा की सक्ती?

आज फुटबॉलपटूंच्या बदल्यांचे आकडे कोटींच्या घरात असतात. अशा काळात, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातील एक अव्वल खेळाडू सराव आटोपला की हत्यारांची पिशवी घेऊन लोकांचे नळ दुरुस्त करण्यास जात असे, हे सांगितल्यास कोणास खरे वाटेल? परंतु प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाचा टॉम फिनी हे खरोखरच करीत होता. त्याची कारकीर्द समजून घेताना त्याच्या पायांतील कौशल्याइतकाच त्या काळच्या नियमांचाही विचार करावा लागतो.

फिनीचा जन्म ५ एप्रिल १९२२ रोजी लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन गावी झाला. शरीराने किरकोळ असलेल्या या मुलाला चौदाव्या वर्षीच गावच्या संघाने बोलावले. पण वडिलांनी बजावले, आधी हातात धंदा हवा! म्हणून तो प्लंबरचे काम शिकला. १९४० च्या जानेवारीत तो व्यावसायिक खेळाडू झाला खरा. पण महायुद्धाने त्याला ईजिप्त आणि इटलीच्या रणभूमीवर नेले. लीगमधील पहिला सामना खेळण्यास १९४६ साल उजाडले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी तो इंग्लंडकडूनही खेळू लागला.

त्या काळी आघाडीच्या फळीत पाच खेळाडू असत व त्यांतील दोघे दोन्ही कडांना, म्हणजे ‘राइट आउट’ व ‘लेफ्ट आउट’ या जागी खेळत. सीमारेषेलगत चेंडू नेत बचावपटूला हुलकावणी द्यावयाची आणि गोलासमोर अचूक पास टाकायचा, हे या विंगरचे काम. फिनी जन्मतः डावखुरा. पण उजवा पायही त्याने मेहनतीने तयार केला. त्यामुळे तो कोणत्याही बाजूने, प्रसंगी मध्यभागीही खेळे. उजव्या बाजूस स्टॅन्ली मॅथ्यूजसारखा जादूगार असूनही संघात फिनीची जागा निघाली ती यामुळेच. इंग्लंडसाठी त्याने ७६ सामन्यांत ३० गोल केले, तर प्रेस्टनसाठी लीगच्या ४३३ सामन्यांत १८७. विंगरच्या मानाने हे आकडे मोठेच.

या कर्तृत्वाचा मोबदला काय? इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९५२ साली ती आठवड्याला चौदा पौंड होती. खेळाडू सामान्य असो वा असामान्य, त्याहून अधिक देण्यास बंदी होती. शिवाय कराराची मुदत संपली तरी क्लबच्या संमतीवाचून त्यास दुसऱ्या क्लबात जाता येत नसे. त्याच वर्षी इटलीतील पालेर्मो क्लबने फिनीपुढे प्रस्ताव ठेवला: सही करताच दहा हजार पौंड, दरमहा १३० पौंड, राहण्यास बंगला व मोटार. चौदा पौंडांच्या हिशेबाने नुसते ते दहा हजार जमविण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागला असता. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला आणि विषय तेथेच संपला.

फिनी प्रेस्टनमध्येच राहिला. १९५३ साली आर्सेनलइतकेच गुण मिळवूनही गोलांच्या सरासरीवर त्याच्या संघाचे लीग विजेतेपद हुकले. १९५४ साली एफ. ए. चषकाचा अंतिम सामना ३-२ असा गमावला. त्या वर्षी व पुन्हा १९५७ साली तो इंग्लंडमधील वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण हे दोन मोठे मान त्याला कधीच लाभले नाहीत. १९६० मध्ये दुखापतींमुळे तो निवृत्त झाला आणि पुढल्याच हंगामात प्रेस्टनची दुसऱ्या विभागात घसरण झाली!

दैवाचा खेळ असा की, खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर १९६१ च्या जानेवारीत पगाराची मर्यादा उठली. थोड्याच अवधीत फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड घेऊ लागला. बदलीच्या जाचक नियमालाही १९६३ मध्ये न्यायालयाने धक्का दिला. फिनीच्या वाट्याला यांतील काहीच आले नाही. त्याचा चरितार्थ प्लंबिंगच्या धंद्यावरच चालला. १९९८ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याचे निधन झाले.

एका संघाशी एकनिष्ठ राहिलेला खेळाडू म्हणून फिनीचे गोडवे गायिले जातात. गावावर त्याचे प्रेम होते, यात शंका नाही. परंतु ज्याला जाण्याची मोकळीक नाही, त्याच्या राहण्याला केवळ निष्ठा म्हणणे म्हणजे अन्याय करणाऱ्या नियमावर पांघरूण घालणे होय. फिनीला मान द्यावा तो त्याच्या खेळासाठी, आणि वाट्यास आलेले कडवटपणा न धरता निभावल्याबद्दल. त्या नियमाला मात्र त्यातील वाटा देऊ नये.